जुन्या रहस्यकथा-साहसकथांची पॉकेटबुकं : कुठे शोधता, कशी पारखता?

कृष्णाकाठ

अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांचे कॅप्टन दीप आणि उदयसिंह राठोड, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद, नारायण धारपांचे समर्थ. ही सगळी मंडळी ज्या पातळ, स्वस्त कागदाच्या पुस्तकांतून आपल्या घरांत आली, त्या मूळ पुस्तकांसाठी हा धागा काढतोय.

नव्या आवृत्त्या निघतात, त्या अवश्य घ्याव्यात. धारप साकेत प्रकाशनाने पुन्हा आणले. २०१३ मध्ये 'दुनियादारी'वर सिनेमा आला आणि शिरवळकर पुन्हा दुकानांच्या दर्शनी फळीवर दिसू लागले. ज्यांना फक्त गोष्ट वाचायची आहे त्यांची सोय त्यात होते. मला मात्र ती पहिली छपाई हवी असते. ते मुखपृष्ठ, मागच्या पानावरची आगामी पुस्तकांची जाहिरात, 'आमची इतर प्रकाशने' म्हणून दिलेली यादी. नव्या आवृत्तीत हे काहीच येत नाही आणि त्या काळचा वाचनव्यवहार कळतो तो नेमका त्यातून.

बाबूराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६ ते १९९६. त्यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. दोघांचं मिळून दोन हजारांच्या वर लेखन होतं आणि आज त्यातली दहा पुस्तकं एकत्र दाखवा म्हटलं तर चांगल्या चांगल्या वाचनालयांची पंचाईत होते. कारण सरळ आहे. ज्या काळात ही पुस्तकं रांगा लावून वाचली जात होती, त्याच काळात त्यांना जपून ठेवण्याच्या लायकीची कुणी मानलं नाही. कादंबरी, कविता, चरित्र कपाटात गेलं. रहस्यकथा वाचून वाचून फाटली आणि रद्दीत गेली. म्हणून आता शोधायचं ते रद्दीतच.

माझी पद्धत सांगतो. रद्दीवाल्याला 'जुनी पुस्तकं आहेत का' विचारलं की तो गाइडं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं दाखवतो. त्यापेक्षा 'लायब्ररीचा माल आलाय का' असं विचारावं. बंद पडलेल्या लायब्ररीचा माल पोत्यांत येतो आणि पोतं उघडण्याआधी पोचलं तर मजा आहे. नवरात्राच्या आधी घराघरांतले माळे रिकामे होतात, तो काळ उत्तम. जूनमध्ये जाण्यात अर्थ नाही, पाठ्यपुस्तकांच्या ढिगाखाली सगळं गाडलेलं असतं. आणि जुना वाडा पाडायला निघालाय असं कळलं तर त्या भागातल्या रद्दीवाल्याला आधीच आपला नंबर देऊन ठेवावा.

पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहेच. तिथे पुस्तकं भांड्याकुंड्यांच्या आणि घड्याळांच्या शेजारी पसरलेली असतात, विकणाऱ्याला त्यांत फारसा रस नसतो, त्यामुळे भावही माणुसकीचे असतात. सातारा, कराड, सांगली या पट्ट्यात मला पुण्यापेक्षा जास्त माल मिळालाय. तुमच्या गावची ठिकाणं सांगा.

---

माटुंगारोड

मुंबईपुरतं लिहितो.

हुतात्मा चौकातला फुटपाथ आता पूर्वीचा राहिला नाही. २००५ मध्ये महापालिकेने तिथले पुस्तकविक्रेते उठवले. नंतर काहीजण परत बसले, पण तो लांबच लांब ढिगारा गेला तो गेलाच. तसाही तिथे इंग्रजी माल जास्त असायचा. जेम्स हॅडली चेस, अ‍ॅलिस्टर मॅक्लीन, लुई लामूर आणि 'सडन'. ऑलिव्हर स्ट्रेंज या इंग्रज लेखकाने १९३० पासून लिहिलेल्या या काऊबॉय कथांचं कॉर्गी या प्रकाशकाचं पेपरबॅक आमच्या कॉलेजच्या काळात हातोहात फिरायचं. मराठी वाचणाऱ्या कितीतरी मुलांचं पहिलं इंग्रजी पुस्तक 'सडन' किंवा चेस होतं, हे माझ्या पिढीतलं कुणीही सांगेल.

किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आज अभियांत्रिकीची पुस्तकं जास्त. पण मागच्या रांगेत, खाली, उभी लावलेली पातळ पुस्तकं बसून बघावीत. उभ्याने दिसत नाहीत.

मराठी पॉकेटबुकासाठी मात्र गिरगाव, लालबाग, परळ. चाळीतल्या खोलीएवढ्या लायब्ऱ्या होत्या तिथे, गिरणीतून सुटलेला कामगार घरी जाताना पुस्तक बदलून न्यायचा. त्या लायब्ऱ्यांचे शिक्के असलेली पुस्तकं अजून त्याच भागातल्या रद्दीवाल्यांकडे निघतात.

---

निळी_शाई

या पुस्तकांवर साल छापलेलं नसतं ही माझी मोठी अडचण आहे. माझ्याकडच्या बऱ्याच अर्नाळकरांवर प्रकाशकाचं नाव आणि किंमत एवढंच आहे. पहिली छपाई कोणती, नंतरची कोणती, हे तुम्ही कसं ओळखता?

---

फर्मा

निळी_शाई, हा माझा प्रांत. आमच्या घरचा छापखाना होता, खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) जुळवण्यापासून सगळं पाहत मोठा झालो. साल नसलं तरी पुस्तक स्वतःचं वय सांगतं. सवडीने लिहितो.

पहिल्यांदा किंमत बघा. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक दशमान नाणी येण्याच्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. 'न. पै.' असं छापलेलं असेल तर काम फारच सोपं. १९६४ मध्ये 'नवा' हा शब्द सरकारने काढून टाकला, म्हणजे ते पुस्तक बहुधा त्या सात वर्षांतलं. माझ्याकडे एक प्रत आहे तिच्यावर आण्यांतल्या किमतीवर छोटी चिठ्ठी चिकटवून 'न. पै.' केलेलं आहे. म्हणजे छपाई १९५७ च्या आधीची, विक्री नंतरची. अशी चिठ्ठी कृपा करून उखडू नका.

दुसरं, प्रकाशकाचा पत्ता. 'मुंबई ४' किंवा 'पुणे ३०' असा एक-दोन आकडी विभाग असेल तर पुस्तक जुनं असण्याची शक्यता जास्त. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. इथे एक सावधगिरी हवी. लोक पुढेही कितीतरी वर्षं 'पुणे ३०' असंच लिहीत राहिले, अजून लिहितात. त्यामुळे 'पुणे ३०' वरून काहीच पक्कं ठरत नाही. पण 'पुणे ४११ ०३०' असेल तर पुस्तक १९७२ च्या नंतरचं, यात शंका नाही.

तिसरं, अनुस्वार. 'घरांत', 'नाहीं', 'त्यानें', 'कांहीं' अशी टिंबं पानभर पसरलेली असतील तर जुनं लेखन. १९६२ च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पण ही काही एका रात्रीत पुसलेली रेघ नव्हे. जुने जुळारी (खिळे जुळवणारे कामगार) हाताच्या सवयीने टिंबं देत राहिले, एकाच पुस्तकात 'नाही' आणि 'नाहीं' दोन्ही सापडतात. अशी सरमिसळ दिसली की मी ते पुस्तक साठच्या दशकाच्या मध्याकडे ढकलतो.

चौथं, बोट. पान उलटं करून मागच्या बाजूने बोट हलकेच फिरवा. खिळ्यांवरची छपाई असेल तर अक्षरांचे उठाव बोटाला लागतात, विशेषतः पूर्णविरामांचे. ऑफसेटची छपाई सपाट लागते. आणि मुखपृष्ठ भिंगाखाली धरा. ब्लॉकवरून (चित्र कोरलेल्या धातूच्या ठशावरून) छापलेल्या चित्रात ठिपक्यांच्या ओळी दिसतात, आणि बहुतेक वेळा एखादा रंग केसभर सरकलेला असतो. नायिकेच्या ओठांचा लाल ओठांच्या बाहेर गेलाय, पिस्तुलाच्या कडेला निळी झालर आली आहे. हे दोष म्हणून मोजू नका. मुखपृष्ठ एका दिवसात उरकायचं असायचं, चार रंगांचे चार ब्लॉक, एकेक रंग वाळेपर्यंत थांबायला वेळ कुठला.

शेवटचं आणि विकत घेताना सगळ्यात महत्त्वाचं. फर्मे मोजा. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा जुडगा. ही पुस्तकं साधारण सोळा पानी फर्म्यांत छापलेली असतात आणि फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. म्हणजे १, १७, ३३, ४९ या पानांवर खाली बघत जायचं. एखादा आकडा गायब असला तर आख्खा फर्मा गेलेला असतो, आणि वरवर चाळताना हे लक्षात येत नाही.

---

टॉर्चवाला

फर्माकाका, दंडवत घ्या. माझी सगळी कपाटं आता पुन्हा उघडावी लागणार. आणि शेवटचा फर्मा सगळ्यात आधी तपासायचा, कारण तोच सगळ्यात जास्त वेळा गेलेला असतो आणि खुनी त्यातच असतो.

---

लायब्ररीवाल्याची_लेक

शेवटचा फर्मा का जातो ते मी सांगू शकते. आमच्या वडिलांची नाशिकला सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. अनामत रक्कम आणि दिवसाचं भाडं, असा साधा हिशेब.

पुस्तक आलं की ते तसंच्या तसं कधीच वाचकाला द्यायचं नाही. या पुस्तकांना दोन पिना मारलेल्या असायच्या, त्या चार वाचकांत सुटायच्या. म्हणून नवीन पुस्तक आधी बाइंडरकडे जायचं. तो पिना काढायचा, टोचून दोऱ्याने शिवायचा, जाड पुठ्ठा घालायचा, पाठीला कापडाची पट्टी लावायचा आणि तिन्ही बाजू मशिनवर कापून सरळ करायचा. या कापण्यात समास जायचा, कधी कधी वरची ओळही जायची. मुखपृष्ठाचं काय करायचं हे बाइंडर ठरवायचा. आमचा बाइंडर ते पुठ्ठ्यावर चिकटवायचा, त्यामुळे आमच्याकडची मुखपृष्ठं राहिली. पण ते काम वाढतं म्हणून कितीतरी बाइंडर मुखपृष्ठ सरळ फेकून द्यायचे आणि पाठीवर शाईने नाव लिहायचे. आज कोऱ्या पुठ्ठ्याची इतकी पुस्तकं मिळतात ती त्यामुळे.

आणि शेवटची पानं: पुस्तक उलटं पालटं करून टेबलावर आपटायची सवय, अंथरुणात वाचताना मागचं पुठ्ठं दुमडून धरायची सवय. सगळा ताण मागच्या शिलाईवर येतो. काही वाचक तर शेवटची चार पानं मुद्दाम फाडायचे, दुसऱ्याला कळू नये म्हणून. याच्या उलट पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवणारेही होते. वडील दर रविवारी खोडरबर घेऊन बसायचे.

पुस्तकाच्या आत परतीच्या तारखांची पट्टी चिकटवलेली असते, ती शोधणाऱ्यांनी जरूर बघावी. आमच्याकडे गुरुनाथ नाईकांच्या काही पुस्तकांना एकावर एक अशा तीन-चार पट्ट्या चिकटवाव्या लागल्या होत्या. तेव्हा काय वाचलं जात होतं, किती वेगाने वाचलं जात होतं, त्याची इतकी खरी नोंद दुसरीकडे मिळणार नाही.

व्हीसीआर आले, मग केबल आली, आणि वाचक एकेक करून अनामत परत मागायला येऊ लागले. वडिलांनी सगळ्यांची अनामत फेडली आणि मग दुकान बंद केलं. पुस्तकं वजनावर गेली.

---

कृष्णाकाठ

ताई, हे वाचून पोटात तुटलं.

शिक्क्यांबद्दल एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. खासगी लायब्ररीचा शिक्का असलेलं पुस्तक बिनघोर घ्यावं, ती लायब्ररी बंद होऊन माल बाहेर आलेला असतो. पण सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक असेल तर 'बाद' किंवा 'निर्लेखित' असा शिक्का शोधा. अनुदानित वाचनालयाला पुस्तक काढून टाकण्याची रीतसर पद्धत असते. तो शिक्का नसेल तर पुस्तक कुणीतरी नेऊन परत न केलेलं असू शकतं. अशा वेळी मी वाचनालयाला फोन करून विचारतो. बहुतेकदा 'ठेवा तुमच्याकडेच' असं म्हणतात, पण विचारायला हवं.

---

मांडवीतीर

मुखपृष्ठांचा विषय निघाला म्हणून गोव्यातून लिहिते.

मराठी मुखपृष्ठाला ज्यांनी रूप दिलं ते दोघे आमच्याकडचे. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) मडगावचे आणि रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) अस्नोड्याचे. मुळगावकरांचे देवादिकांचे कॅलेंडर सगळ्यांना ठाऊक आहेत. पण अर्नाळकरांच्या पुस्तकांवरची त्यांची मुखपृष्ठं बघताना मला तोच हात वेगळ्याच मूडमध्ये दिसतो. स्प्रेने केलेल्या त्या मऊ छटा, देवीच्या चेहऱ्यामागे जे तेजोवलय यायचं तेच तंत्र इथे रस्त्यावरच्या दिव्याच्या धुक्यात वापरलेलं. अंधाराला एवढ्या छटा असतात हे मला त्या मुखपृष्ठांनी शिकवलं.

शोधणाऱ्यांनी कोपऱ्यातली सही आवर्जून बघावी. बाइंडरने बाजू कापल्या की पहिली जाते ती सही. सही शाबूत असलेलं मुखपृष्ठ मिळालं तर आतला मजकूर अपुरा असला तरी मी घेते.

गोव्यात रद्दीची दुकानं कमी, पण देवळांच्या आवारातली आणि गावोगावच्या जुन्या वाचन मंडळांची कपाटं बघावीत. तिथे दमट हवेने पुस्तकं खूप सोसतात. बुरशीचे करडे ठिपके, पिनांचा गंज कागदात उतरलेला.

---

डॅलसकर

हा धागा वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं टेक्सासमध्ये आहे आणि माझा छंद अगदी तुमचाच, फक्त माल वेगळा. मी डॉक सॅव्हेज जमवतो.

थोडी पार्श्वभूमी. १९३३ ते १९४९ या काळात 'डॉक सॅव्हेज' या साहसी नायकाच्या कथांचं, त्याच्याच नावाचं पल्प मासिक (स्वस्त, खरबरीत कागदावरचं) निघत होतं, १८१ अंक. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव केनेथ रोबसन, पण ते कंपनीने ठेवलेलं टोपणनाव. त्यातल्या बहुतेक कथा लेस्टर डेंट या माणसाने लिहिल्या. महिन्याला एक कादंबरी! अर्नाळकर आणि नाईक ज्या झपाट्याने लिहीत, तोच हा झपाटा. १९६४ पासून बँटम या प्रकाशकाने त्या पेपरबॅकमध्ये पुन्हा छापल्या आणि जेम्स बामा या चित्रकाराची मुखपृष्ठं दिली. फाटका शर्ट, ब्राँझसारखी कातडी. बामाने त्यासाठी स्टीव्ह हॉलंड नावाच्या मॉडेलला समोर उभं करून चित्रं केली. तो चेहरा इतका ठसला की आता मूळ मासिकाची चित्रं लोकांना परकी वाटतात.

इथे माझं मुख्य ठिकाण म्हणजे 'हाफ प्राइस बुक्स'. १९७२ मध्ये आमच्या डॅलसमध्येच सुरू झालेली जुन्या पुस्तकांची साखळी. त्यांच्याकडे जुन्या पेपरबॅकची वेगळी कपाटं असतात. पण खरा माल चर्चच्या आणि गावच्या लायब्ररीच्या वार्षिक विक्रीत निघतो, तिथे खोकंच्या खोकं उचलता येतं.

तुमच्यापेक्षा आमचं एक बाबतीत सोपं आहे, बँटमने मालिकेला क्रमांक दिले. कोणतं आहे, कोणतं नाही, हे लगेच कळतं. पण एक गोष्ट इथेही सारखीच. पहिले क्रमांक भरपूर छापले गेले म्हणून ढिगाने मिळतात, मालिकेच्या शेवटाकडचे जोडअंक (एका पुस्तकात एकाहून जास्त कथा) कमी छापले म्हणून मिळता मिळत नाहीत. जुनं म्हणजे दुर्मीळ हे समीकरण धरून चालू नका. नाईकांची शेवटची पुस्तकं पहिल्यांपेक्षा अवघड असण्याची शक्यता आहे, तपासून बघा.

---

निळी_शाई

डॅलसकर, तुमचं म्हणणं पटलं.

फर्माकाका, तुमच्या खुणा लावून माझे गठ्ठे पाहतेय. 'न. पै.' वाली बरीच निघाली!

आता एक तक्रार. मध्यंतरी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एक अर्नाळकर मागवलं, फोटोत मुखपृष्ठ सुंदर होतं. भाव ऐकून घरच्यांनी हात जोडले. पुस्तक आलं ते मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्स चिकटवलेलं, आणि मधला एक फर्मा नाही. परत घ्यायला तयार नाहीत. एकूणच हे भाव कुणी वाढवले? रद्दीत वजनावर गेलेलं पुस्तक हजारांच्या घरात कसं जातं?

---

माटुंगारोड

भाव आपण वाढवले, जे मागेल ते देऊन. ऑनलाइन घ्यायचं तर पैसे देण्याआधी चार फोटो मागा : मुखपृष्ठ तिरक्या उजेडात (झेरॉक्स असेल तर एकसारखं चकाकतं), नावाचं पान, मधलं पान जिथे पिना दिसतात, आणि शेवटचं छापील पान. हे पाठवायला जो कंटाळा करतो त्याच्याकडून घेऊ नये.

आणि माझं स्पष्ट मत आहे की वाचनीय पण मुखपृष्ठ नसलेल्या प्रतीला साध्या जुन्या पुस्तकाचाच भाव द्यावा.

---

पहिलीच_वाट

नमस्कार. मी विशीतली आहे, यातलं काहीच वाचलेलं नाही, आजोबांकडून झुंजारचं नाव ऐकलं आहे. सुरुवात कुठून करू? आणि हे सगळं कुणी स्कॅन करून पीडीएफ का टाकत नाही? म्हणजे सगळ्यांनाच वाचता येईल.

---

कृष्णाकाठ

स्वागत. सुरुवात शिरवळकरांपासून कर. भाषा आजची वाटेल, वेग आहे, आणि नवी प्रत दुकानात मिळेल. मग धारपांचे समर्थ, मग नाईक, आणि मग अर्नाळकर. उलट्या क्रमाने गेलीस तर पहिल्या पन्नास पानांत दमशील. अर्नाळकर त्यांच्या काळासकट वाचावे लागतात. टेलिफोन ही नवलाईची वस्तू आहे, मोटार मोजक्यांकडे आहे, आणि पोलीस खात्यावर रात्रीच्या मुंबईत एक बुरखाधारी माणूस मात करतो आहे. ते एकदा जमलं की सुटत नाही.

आणखी मागे जायचं असेल तर नाथमाधव वाच. सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून पडून ते कमरेखाली लुळे झाले आणि मग बसल्या जागेवरून साहसांच्या कादंबऱ्या लिहिल्या. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांवरून मराठीत जी भुयारं आणि गुप्त दारं आणली, तीही चाख.

पीडीएफबद्दल. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, ते कधीच मुक्त झाले, त्यांची पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, खुशाल उतरवून घे. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, म्हणजे २०५६ अखेरपर्यंत हक्क वारसांकडे. शिरवळकर २००३, धारप २००८, नाईक तर २०२१ मध्ये पुण्यात गेले. या लेखकांना हयातीत मानधन फार जपून मिळालं. त्यांच्या घरच्यांचा हक्क आपण आवडीच्या नावाखाली बुडवू नये, असं मला मनापासून वाटतं.

पण एक काम आपल्याला कायद्यात राहून करता येतं. सूची. पुस्तकाचं नाव, मालिकेतलं मुख्य पात्र, प्रकाशक, पत्ता, किंमत, पानं, चित्रकाराची सही, पहिलं वाक्य. पहिलं वाक्य अशासाठी की एकच कथा दोन वेगळ्या नावांनी विकली गेली असेल तर तिथे पकडली जाते. इथे जमलेल्या प्रत्येकाने आपल्याकडची दहा-दहा पुस्तकं नोंदवली तरी मोठं काम होईल.

---

डॅलसकर

सूचीला माझा पाठिंबा, आमच्याकडे पल्पच्या चाहत्यांनीच अशा याद्या केल्या, विद्यापीठं नंतर जागी झाली.

जपणुकीबद्दल थोडं लिहितो. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन राहिलेलं असतं. हवा आणि उजेड लागला की पिवळा होतो, आम्ल वाढतं, मग ठिसूळ होतो. हे थांबत नाही, फक्त सावकाश करता येतं. उजेडापासून दूर, कोरड्या जागी, उभं पण फार दाबून नाही. सेलोटेप कधीही नाही, त्याचा गोंद तपकिरी होऊन कागदात उतरतो. मऊ चिकट प्लास्टिकची कव्हरं नकोत, ती छपाईला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची कडक पारदर्शक पिशवी घ्या. कसर लागल्याचा संशय असेल तर पुस्तक हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजमध्ये निदान दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पुस्तक खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, नाहीतर त्यावर पाणी धरतं.

---

मांडवीतीर

आमच्या हवेत याबरोबर सिलिका जेलच्या पुड्या लागतात, आणि त्या पावसाळ्यात वेळोवेळी बदलाव्या लागतात. गंजलेल्या पिना मी नखाने सरळ करून काढते, ओढत नाही. ओढली की भोवतीचा तपकिरी झालेला कागद पिनेबरोबर निघून येतो. त्या जागी सुती दोरा, जुन्याच भोकांतून.

---

टॉर्चवाला

सूचीत 'नवल', 'धनंजय' आणि 'चंद्रकांत' घ्यायचे का? अंतरकरांच्या 'नवल'मध्ये आणि त्या दोन दिवाळी अंकांमध्ये धारपांसकट कितीतरी जणांच्या रहस्य आणि भयकथा आहेत. शिवाय माझ्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचे (१९६४ ते १९९०) मराठी वेताळ, म्हणजे फँटमच्या चित्रकथा, आहेत.

---

कृष्णाकाठ

अंक नक्की घ्यायचे, पण वेगळा तक्ता करून. वेताळसाठी वेगळा धागा काढा, तिथे गर्दी होईल आणि व्हायलाच हवी.

लायब्ररीवाल्याची_लेक, तुम्हाला एक विचारायचं होतं. वडिलांनी पुस्तकं विकली, पण दाखल नोंदवही? ती ठेवली होती का?

---

लायब्ररीवाल्याची_लेक

आहे. आईने ट्रंकेत ठेवली आहे. दोन जाड वह्या, लांबट, लाल कापडी पाठीच्या. आज उघडून बघितल्या. दाखल क्रमांक, तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत, कुणाकडून घेतलं, शेरा. शेऱ्यात वडिलांनी 'बाइंडिंग', 'हरवले', 'पाने नाहीत', 'पुन्हा घेतले' असं लिहिलं आहे. अर्नाळकर पानंच्या पानं आहेत. 'पुन्हा घेतले' असा शेरा सगळ्यात जास्त त्यांच्यासमोरच दिसतोय.

---

फर्मा

ताई, त्यात खरेदीची तारीख आहे! ज्या पुस्तकांवर साल नाही त्यांचं साल या वहीतून बांधता येईल. निदान 'या तारखेच्या आधी छापलेलं' एवढं तरी पक्कं कळेल. किंमत आणि पत्त्यावरून मी जे अंदाज बांधतो ते सगळे त्यावर घासून बघता येतील.

---

कृष्णाकाठ

ताई, घाई नको, वही सपाट उघडत नसेल तर जोर लावू नका. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, एकेक पान वरून सरळ. कडेचे 'किंमत' आणि 'शेरा' हे रकाने फोटोत पूर्ण येऊ देत. सभासदांची नावं किंवा पत्ते कुठल्या पानावर असतील तर ती पानं वगळा. पहिली वीस पानं आली की मी तक्ता सुरू करतो. फर्माकाका, तारखा तुम्ही बघा. निळी_शाई, तुमच्या 'न. पै.' वाल्या पुस्तकांची नावं आणि प्रकाशक इथेच टाका, वहीतल्या नोंदींशी लगेच जुळवून बघू.

---

निळी_शाई

टाकते. आत्ता गठ्ठा समोरच आहे.